एक रूम, तीन पासपोर्ट

आमच्या घरी 'पासपोर्ट' हा शब्द वर्षानुवर्षं फक्त फोटोच्या मापासाठी वापरला गेला. "पासपोर्टचे चार काढून आण" म्हणजे स्टुडिओत जाऊन चार फोटो काढून आण. तालुक्याच्या गावाला शिष्यवृत्तीचा फॉर्म असो की एसटीचा पास, 'पासपोर्ट' लागायचाच. त्यामुळे थर्ड इयरला असताना मी फोन करून सांगितलं, "आई, पासपोर्ट काढायचाय," तेव्हा ती सहज म्हणाली, "मग काढ की, किती घेतोय तो चार फोटोंचे?"

तर मित्रांनो, अशा घरातला मी! आणि माझ्या नशिबाने मला रूम पार्टनर असे मिळाले की चार वर्षांत पासपोर्ट, व्हिसा, नागरिकत्व या विषयावर एखादा इलेक्टिव्ह सब्जेक्ट घेतला असता तर डिस्टिंक्शन नक्की होतं.

रूम नंबर २१४. पहिला कॉट माझा. दुसरा 'डॉलर'चा. हा न्यू जर्सीत जन्मला, सहा वर्षांचा असताना आई-बाबांबरोबर कायमचा नाशकात आला. मराठी आपल्यासारखंच बोलतो, शिव्या तर आपल्यापेक्षा बऱ्या देतो, मेसच्या मिसळीला नावं ठेवण्याचा हक्क फक्त आपलाच आहे असं समजतो. पण पासपोर्ट निळा, गरुडाचं चित्र असलेला. तिसरा कॉट 'पात्रांव'चा. हा फोंड्याचा. गोव्यात मित्राला पात्रांव म्हणतात हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तेच नाव त्याला चिकटलं. त्याचा पासपोर्ट माझ्यासारखाच, अशोकस्तंभाचा. पण त्याच्या घरच्या कपाटात एक फाईल आहे. त्या फाईलीतून मनात आणलं तर एक वेगळा, पोर्तुगालचा, लालसर पासपोर्ट निघू शकतो. त्या फाईलीबद्दल पुढे सांगतो, कारण हा लेख खरं म्हणजे तिच्यामुळेच लिहितोय.

निमित्त झालं ते आमच्या रेसिंग कारच्या टीमचं. जर्मनीतल्या हॉकेनहाइमला दर ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा असते. २०२५ च्या स्पर्धेला जाणाऱ्यांच्या यादीत आम्हा तिघांचीही नावं लागली. त्या रात्री विंगमध्ये जो दंगा झाला त्याचं वर्णन इथे करत नाही, रेक्टर सरही हा अंक वाचतात! दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "सगळ्यांचे पासपोर्ट बघू." आणि खरी स्पर्धा सुरू झाली.

माझं प्रकरण सरळ होतं. पासपोर्टच नव्हता. ऑनलाइन अर्ज, ३६ पानी पुस्तिकेचे पंधराशे रुपये, पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात अपॉइंटमेंट, दहावीचं सर्टिफिकेट. एक दिवस ठाण्यातून घरी फोन गेला, "मुलाची चौकशी करायची आहे." आण्णांच्या हातातली वैरणीची पेंढीच खाली पडली! 'पोरगं काय करून बसलं?' हे त्यांनी मला विचारलं नाही, थेट माझ्या वर्गमित्राला फोन करून विचारलं. चौकशी पासपोर्टची आहे हे कळल्यावर मात्र आख्ख्या गल्लीला पेढे. पुढे शेंगेन व्हिसाच्या कागदात आण्णांचं बँक स्टेटमेंट लावलं. त्यात जमा बाजूला कारखान्याचं उसाचं बिल आणि डेअरीचे दहा-दहा दिवसांचे पगार. खिडकीतल्या मॅडमनी ते शांतपणे वाचलं, शिक्का मारला. दूध घालून पोरगं जर्मनीला चाललंय हे त्यांना समजलं असावं, कारण त्या किंचित हसल्या. असो.

गंमत झाली ती डॉलरची. आम्हा सर्वांना वाटत होतं, याला काय चिंता! अमेरिकन पासपोर्टवर युरोपात नव्वद दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही. आम्ही नव्वद युरो फी भरून, विमा काढून, बोटांचे ठसे देऊन तारखेची वाट बघत बसलेलो, आणि हा खुशाल पिक्चर बघत बसलेला. शेवटी पात्रांवने त्याचा पासपोर्ट उचलला आणि पान उघडून म्हणाला, "रे, तुझी तारीख बघ."

१० नोव्हेंबर २०२५.

"मग? आपण २५ ऑगस्टला परत येतोय. तेव्हा चालू आहे की पासपोर्ट," डॉलर म्हणाला.

चालू होता, पण चालत नव्हता! शेंगेन देशांचा नियम असा आहे की तिथून बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्टची मुदत शिल्लक पाहिजे, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला पाहिजे. हा नियम व्हिसा लागणाऱ्यांना आहे आणि न लागणाऱ्यांनाही आहे. २५ ऑगस्ट अधिक तीन महिने म्हणजे २५ नोव्हेंबर. डॉलर पंधरा दिवसांनी नापास! आपल्याकडे अडतीसला ग्रेस मिळते, इमिग्रेशनला ग्रेस नसते. अनेक देश तर तीन नव्हे, सहा महिने मागतात. आपला भारतही ई-व्हिसावर येणाऱ्या परदेशी पाहुण्यांकडे सहा महिन्यांची मुदत मागतो. आणि हे सगळं बघतो कोण? पहिल्यांदा बघतो तो विमान कंपनीचा काउंटरवरचा माणूस. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा खर्च आणि वर दंड कंपनीला पडतो. त्यामुळे तुमचा प्रवास फ्रँकफर्टला अडत नाही, मुंबईतच बॅगांच्या काट्यापाशी अडतो.

पासपोर्ट दहा वर्षांचा असतो ना, मग याचा इतक्यात कसा संपला? कारण अमेरिकेत सोळा वर्षांखालच्या मुलांना पाचच वर्षांचा पासपोर्ट मिळतो. डॉलरने तो काढला तेव्हा तो साडेपंधरा ओलांडून पुढे होता. सोळाला दोन-अडीच महिने बाकी! आपल्याकडेही तसंच आहे. अठराच्या आतल्यांना सहसा पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. तेव्हा शाळेत असताना सिंगापूर-दुबईच्या ट्रिपसाठी काढलेला पासपोर्ट ज्यांच्या ट्रंकेत आहे त्यांनी हा अंक बाजूला ठेवून आधी तारीख बघून यावी. आम्ही थांबतो.

त्या रात्री पासपोर्टच्या शेवटच्या दोन ओळींवर आमचा तासभर गेला. फोटोच्या पानावर खाली चव्वेचाळीस-चव्वेचाळीस अक्षरांच्या दोन ओळी असतात, बाणाच्या टोकासारख्या खुणांनी भरलेल्या. त्या मशीनने वाचायच्या असतात. त्यात नंबर, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख यांच्यामागे प्रत्येकी एक 'चेक डिजिट' असतो. प्रत्येक अंकाला क्रमाने ७, ३, १ ने गुणायचं, बेरीज करायची, दहाने भागायचं, बाकी उरेल तो अंक. डॉलरची तारीख २५१११०. चौदा अधिक पंधरा अधिक एक अधिक सात अधिक तीन अधिक शून्य, बरोबर चाळीस. बाकी शून्य! पात्रांव म्हणाला, "बघ, मशीनपण सांगतंय, तुझ्याकडे काय बाकी नाही." अंतर्गत मूल्यमापनाला आम्ही एवढ्या निष्ठेने कधी गणित केलं नव्हतं.

डॉलरला नवा पासपोर्ट काढण्यासाठी मुंबईच्या वकिलातीत स्वतः जावं लागलं. लहानपणचा पासपोर्ट असल्यामुळे पोस्टाने नूतनीकरण चालत नाही, अर्ज नव्याने. तोही मिळाला. पण त्याच्यामागून दुसरं लचांड आलं, ते म्हणजे ओसीआय कार्ड.

इथे जरा थांबून मुद्द्याचं सांगतो, कारण आपल्या हॉस्टेलवर निम्म्या लोकांना वाटतं की ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व. नावातच 'सिटिझन' आहे, त्यामुळे वाटणारच. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाहीच. राज्यघटनेचं ९ वं कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचंही ९ वंच कलम. दोन्हींचा मथितार्थ एकच, स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं गेलं. ओसीआय ही २००५ च्या दुरुस्तीनंतर आलेली सोय आहे. आयुष्यभर व्हिसाशिवाय या, राहा, शिका, बहुतेक नोकऱ्या करा. पण मतदान नाही, निवडणुकीला उभं राहणं नाही, शेतजमीन विकत घेणं नाही. म्हणजे मेसचं कार्ड आहे, रूम आहे, पण हॉस्टेल सेक्रेटरीच्या निवडणुकीत मत नाही, असा प्रकार.

मग डॉलर भारतीय कधीच नव्हता का? आई-बाबा दोघंही भारतीय, आजही भारतीयच. पण ३ डिसेंबर २००४ पासून नियम असा झाला की परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करायची आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. डॉलरचा जन्म जानेवारी २००५ चा, नियम बदलल्यावर दीड महिन्याने. जावळासाठी त्याला गावी आणायचं होतं, म्हणून सहाव्या महिन्यात अमेरिकेचा पासपोर्ट काढला. झालं! जावळ निघालं आणि त्याच्याबरोबर नागरिकत्वाचा प्रश्नही निकालात निघाला. स्वतःला मान धरता येत नव्हती तेव्हा त्याचा देश ठरला होता.

तर ओसीआयचा नियम असा की वयाची वीस वर्षं पूर्ण झाल्यावर जो पहिला नवा पासपोर्ट निघेल त्यावर कार्ड एकदा नव्याने करून घ्यायचं, कारण लहानपणचा चेहरा बदललेला असतो. डॉलर जानेवारीत वीसचा झाला आणि मे महिन्यात नवा पासपोर्ट आला. बरोबर सापडला! जुलै गेला, कार्ड नाही. तिकीट १४ ऑगस्टचं. त्या दिवसांत त्याने एक वाक्य म्हटलेलं मला अजून आठवतं. "जर्मनीत जायला मला काहीच अडचण नाही रे. परत नाशकाला यायलाच अडचण येऊ शकते." कार्ड ६ ऑगस्टला आलं. त्या रात्रीचा वडापाव त्याच्याकडून.

आता पात्रांवची फाईल.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेले लोक पोर्तुगालच्या लेखी पोर्तुगीज नागरिक. भारताने १९६२ च्या आदेशाने या सर्वांना २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक मानलं. पोर्तुगालने गोव्यावरची भारताची सत्ता मान्य केली ती १९७४ च्या अखेरच्या करारात, तिथली हुकूमशाही कोसळल्यावर. पण जुन्या रहिवाशांचा नागरिकत्वाचा हक्क पोर्तुगालने काढून घेतला नाही. ज्यांचा जन्म १९६१ च्या आधीचा, ते आणि त्यांची पुढची पिढी लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करून पोर्तुगीज होऊ शकतात. पात्रांवचे आजोबा १९४६ चे, आजी १९५२ ची, दोघंही फोंड्याचे. कपाटातल्या त्या फाईलीत त्यांच्या जन्माच्या, लग्नाच्या पोर्तुगीज भाषेतल्या नोंदी आहेत, स्टॅम्पांसकट.

त्या फाईलीवर पहिल्यांदा गेला तो त्याचा मोठा काका, २०१४ साली. पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला, भारतीय पासपोर्ट रीतसर जमा केला, आणि पोर्तुगालमध्ये एक दिवसही न राहता थेट इंग्लंडमध्ये स्विंडनला गेला. तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होतं, त्यामुळे संघातल्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट तिथे चालायचा. स्विंडनला गोव्याची इतकी माणसं आहेत की काकाला म्हणे पहिल्या आठवड्यात इंग्रजी बोलावंच लागलं नाही. गोदामात काम केलं, रात्रपाळ्या केल्या, फोंड्याचं घर नव्याने बांधलं, दोन मुली शिकवल्या. हे सगळं त्या पासपोर्टने दिलं, आणि ते खोटं नाही. काकाला नावं ठेवणाऱ्याने आधी ते घर बघावं, असं पात्रांव स्वतःच म्हणतो.

पण मार्च २०१९ मध्ये आजोबा गेले. रात्री फोन गेला. काकाने पहाटेचं विमान शोधलं. तेव्हा त्याच्याकडे ओसीआय नव्हतं, दर वेळी व्हिसा काढून यायचा. ई-व्हिसाचा अर्ज भरायला बसला तर पासपोर्टला मुदत उरलेली चारच महिने. पोर्तुगालचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, जुलैत संपत होता. ई-व्हिसाला सहा महिने लागतात. मग आधी लंडनला जाऊन तातडीचा पासपोर्ट, मग व्हिसा, मग तिकीट. कुणी अडवणूक केली नाही, प्रत्येक खिडकीवर माणसं चांगलीच भेटली, पण प्रत्येक खिडकीचे आपले आपले दिवस असतात. मोठा मुलगा असून आजोबांना अग्नी धाकट्याने, म्हणजे पात्रांवच्या बाबांनी दिला. काका पोचला तो अकराव्या दिवशी.

पात्रांव तेव्हा नववीत होता. तो सांगतो, काका दारात आला, बॅग खाली ठेवली आणि आजीसमोर नुसता उभा राहिला. ज्या घराच्या माजघरात जन्मला, त्या घरी यायला त्याला सरकारच्या परवानगीचा कागद लागला होता. चूक कुणाची? कायद्याची म्हणावी तर कायदा आधीच लिहून ठेवलेला. काकाची म्हणावी तर मुदतीची तारीख बघून कुणी बापाच्या मरणाची तयारी करतं का?

आता प्रश्न पात्रांवचा होता. त्याला जर्मनीत एम.एस. करायचं आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नावापुरती, पण आपल्यासारख्यांना विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी एका गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. रुपयांत दहा लाखांच्या वरच. पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर व्हिसा नाही, खातं नाही, शिकून झाल्यावर नोकरीच्या परवान्याची भानगड नाही. बाबा म्हणत होते, "दार उघडं असताना भिंतीवरून उडी कशाला मारतोस?" पणजीच्या एका एजंटने तर सांगितलं होतं, "नुसती जन्माची नोंद करून ठेवा, पासपोर्ट नंतर बघू, कुणाला कळत नाही." हे 'कुणाला कळत नाही' फार धोक्याचं आहे, मित्रांनो. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की आपले नियम तोच स्वखुशीने नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा मानतात. त्यानंतर भारतीय पासपोर्ट जवळ ठेवणं, वापरणं हा गुन्हा. आणि नुसती नोंद म्हणजे नागरिकत्व की नाही, यावरून गोव्यात २०१२ नंतर आमदारांपर्यंत वाद गेलेले आहेत. दोन्ही खिशांत दोन पासपोर्ट ठेवून हिंडणं सिनेमात शोभतं.

आम्ही तिघांनी यावर एक अख्खी रात्र घालवली. दुसऱ्या दिवशी व्हायवा होता हे सांगायला नकोच. मी म्हणालो, "घे रे पासपोर्ट. दहा लाख वाचतायत. आमच्याकडे दहा लाखांत बहिणीचं लग्न होऊन वर विहिरीला मोटर बसते. कागद बदलला म्हणून माणूस बदलत नाही." मला खरंच तसं वाटत होतं.

डॉलर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुला मागच्या वर्षीचं आठवतं का? ७ मे."

आठवत होतं. ७ मे २०२४ ला लोकसभेसाठी माझ्या गावालाही मतदान होतं आणि गोव्यालाही. मी रात्रीच्या एसटीने, पात्रांव रेल्वेने, दोघंही गेलो. विंग ओस पडली होती. परत आलो तेव्हा आमच्या बोटांना शाई. डॉलरने आमची बोटं बघितली आणि विषय बदलला. मग नोव्हेंबर आला. ५ नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक. परदेशात राहणाऱ्या अमेरिकनांना टपाली मत देता येतं, त्यासाठी अमेरिकेतला शेवटचा पत्ता धरतात. डॉलरने न्यू जर्सीतल्या, सहाव्या वर्षी सोडलेल्या घराचा पत्ता लिहून मतपत्रिका मागवली आणि या रूममध्ये, मेसची घंटा होत असताना, अमेरिकेच्या अध्यक्षासाठी मत दिलं. पुढे पंधरा दिवसांनी, २० नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान. ज्या नाशकात तो तेरा-चौदा वर्षं राहिला, जिथल्या खड्ड्यांत त्याची गाडी दोनदा घसरली, तिथल्या आमदारासाठी त्याला मत नाही. शिवाय अमेरिकेच्या कायद्याने अठरा ते पंचवीस वयाच्या मुलांनी लष्करी भरतीच्या यादीत नाव नोंदवावं लागतं, परदेशात राहणाऱ्यांनीही. ते त्याने फर्स्ट इयरलाच केलं होतं. आम्ही त्याला तेव्हा 'मेजर साहेब' म्हणून चिडवलं होतं.

"लढाई झाली तर मी तिकडचा," डॉलर म्हणाला, "आणि रस्ता खराब असला तर मी कुठलाच नाही. तुझं तू बघ. पण जे तुला फुकट मिळालंय ना, त्याची किंमत मला विचार."

माझं दहा लाखांचं गणित मला त्या क्षणी थोडं अपुरं वाटलं. चूक नाही, अपुरं.

चतुर्थीच्या आधी पात्रांवने आजीला फोन केला. आम्हाला वाटलं आजी देश, माती वगैरे बोलेल. आजी तसलं काही बोलली नाही. पोर्तुगीजांच्या अमलात दोन यत्ता शिकलेली, अजूनही थोडं पोर्तुगीज वाचणारी बाई ती. पात्रांवने स्पीकर लावला होता. ती आधी म्हणाली, "कित्याक रे पुता, इतकी घाई?" आणि मग, "जा, खुशाल जा. जगात कुठंही जायला परवानगी मागावी लागली तर माग. पण घरी यायला परवानगी लागंल असं काय करू नको."

रूममध्ये पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. खाली कुणीतरी बादली आपटत होतं तेवढाच आवाज.

ऑगस्टमध्ये आम्ही गेलो. फ्रँकफर्टला विमानतळावर दोन रांगा होत्या, एक युरोपवाल्यांची, एक बाकीच्यांची. युरोपवाल्यांची रांग सुरसुर पळत होती. आमच्या रांगेत माझ्यापुढे पात्रांव होता, तो त्या पळणाऱ्या रांगेकडे बघत होता. काय विचार करत होता ते मी विचारलं नाही. पाऊण तास लागला. आमच्या पासपोर्टवर शिक्के पडले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे शिक्क्यांच्या जागी चेहऱ्याची आणि बोटांच्या ठशांची संगणकीय नोंद सुरू झाली, त्यामुळे आमच्या पानावरचा शिक्का आता जपून ठेवण्यासारखा. गाडी ब्रेक टेस्टमध्ये दोनदा अडकली, तिसऱ्यांदा पास झाली. त्याचा वृत्तांत टीमच्या पानावर आहेच. २५ तारखेला निघालो, २६ ला मुंबईत उतरलो आणि पात्रांव तसाच फोंड्याकडे पळाला. दुसऱ्या दिवशी चवथ होती.

सध्याची स्थिती अशी. पात्रांवने बाबांना "आत्ता नको" असं सांगितलं. भारतीय पासपोर्टवर अर्ज केलेत, शैक्षणिक कर्जाची फाईल बँकेत आहे. बाबा अजून नाराज आहेत, आणि त्यांचंही चुकतंय असं मला म्हणवत नाही. कर्ज फेडायला लागल्यावर पात्रांवला काय वाटेल ते तेव्हा बघू. काकाने आता ओसीआय काढलंय, मुदतीच्या तारखा त्याच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलेल्या असतात. डॉलरने मात्र एक नवीनच कलम शोधून काढलंय. पाच वर्षं ओसीआय असलेली आणि अर्जाआधी वर्षभर भारतात राहिलेली सज्ञान व्यक्ती भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. अमेरिकेचं सोडावं लागेल अर्थात. तो करेल का? माहीत नाही. त्याची सख्खी मावशी तिकडे आहे, एम.एस.ला त्याला तिथे व्हिसा लागत नाही. असं उघडं दार बंद करायला छाती लागते. पण तो ते कलम वाचतो हे आम्ही बघितलंय.

जाता जाता, जीआरई देणाऱ्यांसाठी, कॉन्फरन्सला जाणाऱ्यांसाठी आणि आमच्यानंतर हॉकेनहाइमला जाणाऱ्या ज्युनिअर्ससाठी चार गोष्टी :

१) मुदत संपायची तारीख बघू नका, त्यातून सहा महिने वजा करून बघा. तीच खरी तारीख.

२) व्हिसा चिकटवायला आणि शिक्क्यांना कोरी पानं लागतात. शेंगेन व्हिसाला किमान दोन. पान संपलेला पासपोर्ट म्हणजे जर्नल संपलेला सबमिशनवाला.

३) तिकिटावरचं नाव, पासपोर्टवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव एकच आहे का बघा. वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही यावर आपल्या मराठी माणसांची अर्धी रांग अडते.

४) ज्यांच्याकडे ओसीआय आहे त्यांनी विशीनंतरचा पहिला पासपोर्ट आला की कार्डाचं काम लगेच करा. आणि ज्यांना कुणी 'दोन्ही ठेवा, कळत नाही' असं सांगेल त्यांनी त्या माणसाला ते लिहून द्यायला सांगावं. तो देणार नाही.

पासपोर्टच्या पहिल्या आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते. ज्यांचा ज्यांचा संबंध येईल त्यांनी या व्यक्तीला अडथळ्याविना जाऊ द्यावं आणि गरज लागल्यास मदत करावी, अशा अर्थाची. डेअरीला दूध घालणाऱ्याच्या पोरासाठी कुणी एवढ्या मोठ्या माणसाने जगाला विनंती करावी, हे वाचून आण्णा खूप वेळ ते पान हातात धरून बसले होते. "आण, नीट ठेवतो," म्हणाले. आता तो सातबाऱ्याच्या पिशवीत असतो.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
रूम नं. २१४